ट्रान्सफर करायचंच असेल तर सुरुवात कुठून? कॅलिफोर्नियात नव्याने आलेल्या मराठी घरांसाठी

एप्रिल उजाडला की ओळखीच्या घरांतून मला फोन येऊ लागतात. मुलाला हवी ती युनिव्हर्सिटी मिळालेली नसते आणि आई-बाबांचा बेत ठरलेला असतो : ‘सध्या जिथे मिळालंय तिथे घालू, दोन वर्षांनी ट्रान्सफर करून घेऊ.’ पाठोपाठ दुसरं वाक्य येतं : ‘कम्युनिटी कॉलेज मात्र नको बाई, लोक काय म्हणतील!’

या दोन वाक्यांचा एकमेकांशी मेळ बसत नाही. आमच्या घरालाही हे कळायला वेळ लागला. पुढे जाऊन यूसीत, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या एखाद्या कॅम्पसवर ट्रान्सफर घ्यायची असेल, तर सगळ्यात रुंद दार कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजातून, म्हणजे सर्वांना खुल्या असलेल्या दोन वर्षांच्या सरकारी कॉलेजातून, उघडतं. यूसीत ट्रान्सफरने येणाऱ्या दहा मुलांपैकी नऊ तिथूनच आलेली असतात. हे योगायोगाने घडत नाही, प्रवेशाच्या नियमांतच त्यांना पहिला मान दिलेला आहे. दुसऱ्या एखाद्या चार वर्षांच्या युनिव्हर्सिटीतून आलेल्या मुलाचा अर्ज त्यांच्यानंतर पाहिला जातो, मग ती युनिव्हर्सिटी कितीही नावाजलेली असो.

माझी मुलगी याच वाटेने गेली. तेव्हा आम्ही जे धडपडत शिकलो, ते इथे क्रमाने लिहिते आहे. सगळं कॅलिफोर्नियापुरतं आहे. न्यू जर्सी किंवा टेक्सासमधल्या वाचकांनी यातली विचाराची पद्धत घ्यावी, नियम आपल्या राज्याचे पाहावेत.

आधी ही व्यवस्था समजून घ्या

कॅलिफोर्नियाने १९६० साली उच्च शिक्षणाचा एक आराखडा केला आणि तीन मजले ठरवून दिले. वरच्या मजल्यावर यूसी, मधल्यावर कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी म्हणजे सीएसयू, आणि तळमजल्यावर सर्वांना खुली असलेली कम्युनिटी कॉलेजं. बारावीनंतर यूसीत थेट प्रवेश राज्यातल्या वरच्या साडेबारा टक्के मुलांसाठी, सीएसयूत वरच्या एक-तृतीयांशासाठी, अशी ती मांडणी होती. बाकीच्यांना दार बंद होऊ नये म्हणून तळमजल्यावरून वर जाणारा जिना त्याच आराखड्यात बांधलेला आहे. आज राज्यात ११६ कम्युनिटी कॉलेजं आहेत. यूसीच्या दहा कॅम्पसपैकी नऊ ठिकाणी पदवीचं शिक्षण मिळतं, आणि दोन फ्रेशमनमागे, म्हणजे बारावीनंतर थेट आलेल्या दोन मुलांमागे, एक ट्रान्सफर विद्यार्थी घ्यायचा असं धोरण आहे.

आपल्याकडच्या माणसाला हे समजावताना मी पॉलिटेक्निकचं उदाहरण देते. दहावीनंतर डिप्लोमा करून इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाणारी मुलं आपण सगळ्यांनीच पाहिली आहेत. त्यांची डिग्री वेगळ्या रंगाच्या कागदावर छापून येत नाही. इथेही तसंच आहे. दोन वर्षं कम्युनिटी कॉलेजात, पुढची दोन यूसीत, आणि डिग्री यूसीची. फरक एवढाच की डिप्लोमाला आत शिरताना टक्के लागतात. इथे शिरताना काही लागत नाही, सगळा कस बाहेर पडताना लागतो.

पहिली पायरी : पोचायचं कुठे?

कॉलेज निवडण्याआधी शेवटचं ठिकाण आणि विषय लिहून काढा. ‘चांगली युनिव्हर्सिटी’ एवढं पुरत नाही. ‘यूसी डेव्हिस, बायोलॉजी’ किंवा ‘सॅन होजे स्टेट, अकाउंटिंग’ असं लिहा. दोन-तीन पर्याय असले तर उत्तम. विषय ठरलेला नसेल तर निदान गट तरी ठरवा : गणित-विज्ञानाकडचा, कॉमर्सकडचा, की कला आणि समाजशास्त्राकडचा.

यूसी ट्रान्सफरसाठी मुलांना सरळ तिसऱ्या वर्षाला घेते. दुसऱ्या वर्षाला ट्रान्सफर जवळजवळ कुठलाच कॅम्पस देत नाही. त्यामुळे ‘एक वर्ष इकडे काढू आणि उडी मारू’ हा बेत यूसीच्या बाबतीत बसतच नाही. लागतात ते ६० सेमिस्टर युनिट (युनिट म्हणजे क्रेडिट), म्हणजे वर्षाची तीन सत्रं करणाऱ्या क्वार्टर पद्धतीत ९०, आणि तेही ज्या फॉलमध्ये (ऑगस्ट-सप्टेंबरच्या सत्रात) जायचं त्याच्या आधीच्या स्प्रिंगअखेर (मे-जूनपर्यंत) पूर्ण. त्यात इंग्रजी लेखनाचे दोन कोर्स, गणिताचा एक आणि इतर किमान दोन क्षेत्रांतले चार, असे सात कोर्स हवेतच. जीपीए, म्हणजे ४ पैकी ग्रेडची सरासरी, राज्यातल्या रहिवाशाला किमान २.४, बाहेरच्याला २.८. हे आकडे म्हणजे फक्त उंबरठा. बर्कली किंवा लॉस एंजेलिसला मागणी असलेल्या विषयात जायचं तर ४ च्या अगदी जवळ राहावं लागतं.

ध्येय जर खासगी किंवा परराज्यातली युनिव्हर्सिटी असेल तर हिशोब बदलतो. तिथल्या चांगल्या शिष्यवृत्त्या बहुतेक वेळा फ्रेशमनसाठी राखलेल्या असतात आणि ट्रान्सफरच्या जागा मोजक्या. अशा मुलाने शक्य असेल तर फ्रेशमन म्हणूनच जावं, असं मला वाटतं.

दुसरी पायरी : पैसे आणि व्हिसा एकाच कागदावर मांडा

कम्युनिटी कॉलेजात कॅलिफोर्नियाच्या रहिवाशाला युनिटमागे ४६ डॉलर पडतात. साठ युनिटांचे झाले २,७६० डॉलर, दोन्ही वर्षांचे मिळून. कूपरटिनोचं डी अँझा आणि लॉस आल्टोस हिल्सचं फूटहिल ही क्वार्टरवर चालणारी कॉलेजं, तिथे युनिटमागे ३१ डॉलर, बेरीज जवळपास तेवढीच. याउलट यूसीची एका वर्षाची ट्यूशन आणि फी पंधरा हजार डॉलरच्या घरात जाते, राहणं-खाणं धरलं तर चाळीस हजारांच्या पुढे. शिवाय पहिल्यांदाच कॉलेजला जाणाऱ्या आणि पूर्णवेळ म्हणजे किमान १२ युनिट घेणाऱ्या मुलांना ‘कॉलेज प्रॉमिस’ योजनेत दोन वर्षांची कॉलेजची फीसुद्धा माफ होऊ शकते. पुस्तकं, पार्किंग, पेट्रोल हे खर्च उरतात, ते धरा.

पण हे सगळं ‘रहिवासी’ या एका शब्दावर उभं आहे, आणि नव्याने आलेली घरं नेमकी इथे अडखळतात. सत्र सुरू होण्याआधी राज्यात वर्षाहून अधिक काळ राहिलेलं असावं लागतं आणि इथेच राहण्याचा इरादा कागदांवरून दिसावा लागतो : टॅक्स रिटर्न, गाडीचं रजिस्ट्रेशन, ड्रायव्हिंग लायसन्स, घरभाड्याचा करार. ग्रीन कार्डवाल्यांना आणि एच-१बी (नोकरीचा व्हिसा), एच-४ (त्याच्या कुटुंबाचा व्हिसा) वर असलेल्यांनाही या मार्गाने रहिवासी ठरता येतं. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आलेल्याला येत नाही. त्याला कम्युनिटी कॉलेजातही युनिटमागे तीनशे डॉलरच्या वर मोजावे लागतात आणि यूसीत नेहमीच्या फीवर वर्षाला चौतीस हजारांहून जास्त अधिभार.

एच-४ वरच्या मुलांच्या आई-बाबांनी हा पुढचा भाग दोनदा वाचावा. मूल २१ वर्षांचं झालं की एच-४ संपतो. अठराव्या वर्षी कॉलेज सुरू केलेल्या मुलाच्या बाबतीत हे बरोबर तिसऱ्या वर्षी घडतं, म्हणजे ट्रान्सफर होऊन यूसीत पाय ठेवल्यावर, जिथे फी सगळ्यात जास्त आहे तिथे. एफ-१ घ्यावा लागला की रहिवासी फीचा प्रश्न नव्याने उभा राहतो. आमच्या ओळखीतल्या एका घराला ही गोष्ट मुलाच्या विसाव्या वाढदिवसानंतर समजली, तोवर हाताशी फार कमी वेळ उरला होता. तुमचं मूल सोळा वर्षांचं असेल तर आजच इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला, आणि ज्या कॅम्पसचा विचार आहे तिथल्या रेसिडेन्सी ऑफिसला लेखी विचारा. एच-४ आणि एफ-१ वरच्यांना केंद्र सरकारची आर्थिक मदतही मिळत नाही. ग्रीन कार्ड असेल तर फाफ्सा, म्हणजे केंद्राच्या मदतीचा फॉर्म, दरवर्षी भरायचाच. कॅल ग्रँट या राज्याच्या मदतीसाठी २ मार्चची तारीख लक्षात ठेवा. कम्युनिटी कॉलेजच्या विद्यार्थ्यांना २ सप्टेंबरची आणखी एक संधी असते.

भारतातून थेट एफ-१ वर कम्युनिटी कॉलेजात येणाऱ्यांनाही ही वाट खुली आहे, आणि फीचा फरक त्यांच्याही पहिल्या दोन वर्षांत पडतो. त्यांनी प्रत्येक सत्रात १२ युनिट घ्यायचे, आणि त्या बारांत ऑनलाइन कोर्स एकच मोजला जातो हे विसरायचं नाही. कॉलेज बदलताना आय-२० (व्हिसासाठी कॉलेजने दिलेला कागद) आणि सेव्हिस (परदेशी विद्यार्थ्यांची सरकारी नोंद) रेकॉर्ड नव्या ठिकाणी हलवावं लागतं, ते काम इंटरनॅशनल ऑफिसकडून वेळेत करून घ्यायचं.

तिसरी पायरी : आता निवड

थेट युनिव्हर्सिटी घ्या, जर मुलाला हव्या त्या विषयात, परवडेल अशा खर्चात, जिथून पदवी घेऊन बाहेर पडायला आवडेल अशा ठिकाणी प्रवेश मिळाला असेल. पहिल्या वर्षापासून प्रयोगशाळेत काम, होस्टेलचं जग, चार वर्षांचे मित्र हे सगळं मोलाचं आहे, मी त्याला कमी लेखत नाही. आर्किटेक्चरसारखे अभ्यासक्रम, जिथे पहिल्या वर्षापासूनची साखळी असते, तिथेही बहुधा थेटच बरं. आणि एक गोष्ट मनाला विचारून पाहा : घरात राहून, स्वतःचं वेळापत्रक स्वतः आखून हे मूल अभ्यास करील का? काही मुलांना भोवती अभ्यास करणारी मंडळी लागतात. त्यात कमीपणा काही नाही.

कम्युनिटी कॉलेज घ्या, जर मिळालेली जागा मुळात नको असलेली असेल, विषय चुकीचा असेल, किंवा त्या जागेसाठी घर कर्जात बुडणार असेल. नकोशा जागी जाऊन ‘मग बदलू’ म्हणण्यात तिहेरी तोटा आहे. फी पूर्ण भरता, ट्रान्सफरच्या रांगेत मागे उभे राहता, आणि तिथे घेतलेले कोर्स पुढच्या ठिकाणी लागतील की नाही याची हमी नसते. ‘अनडिक्लेअर्ड, म्हणजे विषय न ठरवता, जाऊ आणि आत गेल्यावर कॉम्प्युटर सायन्सला बदलू’ हाही त्याच जातीचा बेत आहे. गर्दीच्या विषयांत आतून शिरणं अनेक कॅम्पसवर बाहेरून येण्याइतकंच अवघड असतं.

एखादं मूल युनिव्हर्सिटीत एक वर्ष काढून बसलं असेल आणि तिथे जमत नसेल तर? त्यालाही परतीची वाट आहे. कम्युनिटी कॉलेजांत मिळून किमान ३० सेमिस्टर युनिट केले, आणि यूसीत येण्याआधीचं शेवटचं पूर्णवेळ कॉलेज कम्युनिटी कॉलेज असलं, तर यूसी त्या मुलाला कम्युनिटी कॉलेजचाच विद्यार्थी धरते. मात्र आधीच्या युनिव्हर्सिटीची मार्कशीट लपवता येत नाही. जिथे जिथे शिकलात ते सगळं अर्जात सांगावं लागतं. हेच भारतात एक-दोन वर्षं बी.कॉम. किंवा बी.एस्सी. करून आलेल्यांनाही लागू आहे.

आता दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर हा लेख अर्धवट राहील. ट्रान्सफरच्या इराद्याने कम्युनिटी कॉलेजात आलेल्यांपैकी चार वर्षांत प्रत्यक्ष पुढे पोचतो तो साधारण पाचातला एकच. बरीच मुलं नोकरी सांभाळून अर्धवेळ शिकतात, काही घर चालवतात, काही गणितात अडकतात, आणि पुष्कळजण असे कोर्स घेत राहतात जे कुठेच लागत नाहीत. नोकरी आणि घर यांवर तुमचा-आमचा ताबा नसतो. शेवटच्या दोन कारणांवर मात्र आहे. पुढच्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

चौथी पायरी : असिस्ट उघडा, आणि उघडंच ठेवा

असिस्ट डॉट ऑर्ग ही राज्याची अधिकृत वेबसाइट आहे. डावीकडे तुमचं कम्युनिटी कॉलेज निवडायचं, उजवीकडे यूसी किंवा सीएसयूचा कॅम्पस, मग विषय. समोर एक तक्ता येतो : त्यांचा हा कोर्स म्हणजे तुमचा हा कोर्स. जिथे ‘आर्टिक्युलेशन नाही’ असं लिहिलंय, तिथे तुमच्या कॉलेजात त्याला तोड नाही, आणि तो कोर्स शेजारच्या कॉलेजात मिळतो का हे बघायचं. दोन-तीन कम्युनिटी कॉलेजांतून कोर्स घ्यायला पूर्ण मुभा आहे. फ्रीमाँटच्या ओलोनीत शिकणाऱ्या मुलाने एखादा कोर्स सांता क्लाराच्या मिशनमधून केला तर कोणी अडवत नाही. फक्त एकामागून एक येणाऱ्या कोर्सांची मालिका, जसं कॅल्क्युलस एक-दोन-तीन, ती शक्यतो एकाच कॉलेजात संपवा. अर्धी सेमिस्टरच्या कॉलेजात आणि अर्धी क्वार्टरच्या, असं केलं की मधला काही भाग कुठेच झालेला नसतो.

या पायरीवर सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो दोन शब्दांत. एक, कोर्स ‘ट्रान्सफर होतो’. दोन, कोर्स ‘लागतो’. कोर्स ट्रान्सफर होतो म्हणजे त्याचे युनिट त्या साठांत मोजले जातील. तो तुमच्या विषयाची पूर्वअट म्हणून लागेल असा त्याचा अर्थ नाही. आमच्याकडे असंच झालं. मुलीने पहिल्या सत्रात बिझनेस कॅल्क्युलस घेतलं. मैत्रिणीने घेतलं होतं, वेळ सोयीची होती, यूसीला ट्रान्सफर होतो असं कॅटलॉगमध्ये स्पष्ट लिहिलेलं होतं. युनिट मिळाले, ए ग्रेड मिळाली. पण तिला ज्या विषयात जायचं होतं त्याला विज्ञान शाखेचं कॅल्क्युलस लागत होतं. एक सत्र गेलं, आणि पुढची सगळी साखळी एक घर मागे सरकली. असिस्टचा तक्ता काढून पाहायला दहा मिनिटं लागली असती. त्या संध्याकाळी ती जेवली नाही, आणि मीही नाही.

म्हणून माझा आग्रह आहे की कोर्सची नोंदणी करण्याआधी तीनही लक्ष्य-कॅम्पसचे तक्ते छापून जेवणाच्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवा. तिन्हीकडे लागणारे कोर्स आधी. दोनकडे लागणारे नंतर. एकाच ठिकाणी लागणारे सगळ्यात शेवटी, तोवर मन बदललेलंही असेल.

काउन्सेलरला भेटायचंच, एज्युकेशन प्लॅन करायचाच, कारण त्याशिवाय नोंदणीत लवकरचा नंबर लागत नाही आणि हवे ते वर्ग भरून जातात. पण काउन्सेलरकडे रिकाम्या हाताने जाऊ नका. अर्ध्या तासाच्या भेटीत तो माणूस तुमच्या मुलासाठी तिन्ही तक्ते वाचू शकत नाही. वाचून, खुणा करून, प्रश्न लिहून न्या. काउन्सेलर काय म्हणाला ते घरी आल्यावर असिस्टवर पुन्हा पडताळा. आमच्या मुलीला एका काउन्सेलरने चुकीचं सांगितलं होतं, वाईट हेतूने नव्हे, पण निस्तरायचं आम्हालाच पडलं.

पाचवी पायरी : पहिल्या सत्राचं गणित

इंजिनिअरिंग, कॉम्प्युटर सायन्स, फिजिक्स याकडे जाणाऱ्यांसाठी पहिल्या सत्रातला गणिताचा कोर्स सगळं ठरवतो. सेमिस्टर पद्धतीत मांडून पाहा. पहिल्या सत्रात कॅल्क्युलस एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात लिनिअर अल्जिब्रा आणि डिफरन्शियल इक्वेशन्स. फिजिक्सची तीन कोर्सांची मालिका कॅल्क्युलस एक झाल्यावर सुरू होते, म्हणजे दुसरं, तिसरं आणि चौथं सत्र. चार सत्रं काठोकाठ भरली. मूल प्रीकॅल्क्युलसपासून सुरू झालं तर दोन वर्षांची तीन होणार, किंवा मधल्या समरमध्ये एक कोर्स कोंबावा लागणार. तीन वर्षं लागली तर आकाश कोसळत नाही, फक्त आधीपासून माहीत असावं. हायस्कुलातल्या एपी कॅल्क्युलस परीक्षेत ३ किंवा जास्त गुण असतील तर एक पायरी वाचू शकते. कोणत्या गुणांना कोणता कोर्स माफ, हे कॅम्पसनुसार बघा आणि अधिकृत स्कोअर कॉलेजला पाठवा.

उरलेला भाग सामान्य शिक्षणाचा : इंग्रजी, इतिहास, कला, समाजशास्त्र, एथनिक स्टडीज वगैरे. त्यासाठी २०२५ च्या फॉलपासून यूसी आणि सीएसयूला मिळून एकच यादी आली आहे, कॅल-गेट्सी, एकूण ३४ युनिटांची. जुन्या पिढीतली मुलं ‘आयगेट्सी’ म्हणतील, ती आधीची यादी. कॉमर्स, कला, समाजशास्त्रवाल्यांनी ही यादी पूर्ण करावी, आणि शेवटी कॉलेजकडून तसं सर्टिफिकेशन मागून घ्यावं. इंजिनिअरिंगवाल्यांनी मात्र आधी विषयाचे कोर्स संपवावेत. यादी पूर्ण आणि फिजिक्स अर्धवट, असा अर्ज तिथे टिकत नाही.

सीएसयूकडे जायचं असेल तर ‘असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर’ ही वेगळी सोय पाहा. २०१० च्या कायद्याने ती आली. ठरलेल्या विषयात ही डिग्री पूर्ण केली तर सीएसयूत कुठेतरी जागेची हमी मिळते, आणि पुढे साठ युनिटांत पदवी संपेल अशी आखणी असते. ‘कुठेतरी’ हा शब्द नीट वाचा. हवा तोच कॅम्पस मिळेल असं त्यात नाही.

मूल अजून हायस्कुलात असेल तर ड्युअल एनरोलमेंटने कम्युनिटी कॉलेजचे कोर्स घेता येतात, बहुतेक ठिकाणी फी न भरता. त्याने मूल ट्रान्सफर विद्यार्थी होत नाही, फ्रेशमनचाच अर्ज करता येतो. हायस्कूल संपल्यावरच्या समरमध्ये एखादा कोर्स घेतला तरीही चालतं. पण तिथली ग्रेड कायमची कॉलेजच्या ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे अधिकृत मार्कशीटवर, बसते, हे दहावीतल्या मुलाला हौसेने कठीण कोर्सला बसवण्याआधी लक्षात घ्या.

सहावी पायरी : टॅग, आणि तारखा

सहा यूसी कॅम्पस कम्युनिटी कॉलेजच्या मुलांना लेखी हमी देतात : डेव्हिस, आयर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ. ठरलेले कोर्स आणि ठरलेला जीपीए राखलात तर जागा तुमची. यालाच टॅग म्हणतात. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो यात नाहीत. टॅग एकाच कॅम्पसचा करता येतो, बाकी ठिकाणी नेहमीसारखा अर्ज करायला मोकळीक असते. डेव्हिसला साधारण ३.२ आणि आयर्व्हाइनला ३.४ जीपीए लागतो, काही विषयांना याहून जास्त. सगळे विषय टॅगमध्ये येत नाहीत. सांता बार्बराचं इंजिनिअरिंग कॉलेज, ज्यात कॉम्प्युटर सायन्सही येतं, टॅगच्या बाहेर आहे.

युनिव्हर्सिटीत जाऊन मग ट्रान्सफर करू म्हणणाऱ्यांना मी हाच परिच्छेद वाचून दाखवते. अशी हमी दुसऱ्या कोणत्याही चार वर्षांच्या युनिव्हर्सिटीतून येणाऱ्याला यूसी देत नाही.

टॅगचा अर्ज दुसऱ्या वर्षाच्या सप्टेंबरअखेर जावा लागतो आणि बहुतेक कॅम्पस तोवर ३० सेमिस्टर युनिट झालेले मागतात. थोडक्यात, पहिलं वर्ष संपताना अर्धी वाट चाललेली असली पाहिजे. पहिल्या वर्षी ‘जरा रुळू दे’ म्हणून दोन-दोन कोर्स घेणाऱ्यांचा टॅग इथे हुकतो आणि एक वर्ष लांबतं. समरचे युनिट धरले जातात, तेव्हा कमी पडत असतील तर तिथे भरून काढा.

यूसी आणि सीएसयूचे मुख्य अर्ज १ ऑक्टोबरपासून पाठवता येतात आणि नोव्हेंबरच्या शेवटाला बंद होतात. टॅग मंजूर झाला तरी मुख्य अर्ज करावाच लागतो. दरवर्षी कुणीतरी याच एका गैरसमजापायी जागा गमावतं. अर्जात यूसीला चार छोटे निबंध लागतात. त्यातला एक सक्तीचा आहे : तुमच्या विषयाची तयारी तुम्ही कशी केलीत. इथे कोर्सची नावं ओळीने लिहू नका. फिजिक्सच्या लॅबमध्ये काय फसलं आणि मग काय केलं, दुकानात हिशोब लिहिताना अकाउंटिंगचं काय समजलं, असं प्रत्यक्षातलं लिहू द्या. आई-बाबांनी हा निबंध लिहून देऊ नये. वाचणाऱ्याला ते कळतं.

जानेवारीत फॉलच्या ग्रेड आणि स्प्रिंगचे कोर्स कळवण्याचा एक फॉर्म येतो, अकॅडेमिक अपडेट. तो ईमेल अनेकदा स्पॅम फोल्डरमध्ये जाऊन पडतो. मुलाला जानेवारीचा पूर्ण महिना रोज ते फोल्डर बघायला सांगा. स्प्रिंगमध्ये एखादा कोर्स सोडायचा विचार आला, किंवा सी ग्रेडच्या खाली घसरण्याची भीती वाटली, तर सोडण्याआधी त्या कॅम्पसला लिहून विचारायचं. मिळालेला प्रवेश अटींवर असतो, आणि अट मोडली तर तो जुलैतही काढून घेतात.

निर्णय एप्रिलअखेरपर्यंत येतात, होकार कळवायची तारीख १ जून. त्यानंतर जुलैच्या सुरुवातीपर्यंत शेवटच्या ट्रान्स्क्रिप्ट पाठवायच्या, प्रत्येक कॉलेजातून वेगळी, जिथे एकच कोर्स केला असेल तिथूनही. होस्टेलचा अर्ज मात्र १ जूनची वाट न पाहता होकाराच्या दिवशीच भरून टाका, ट्रान्सफरवाल्यांच्या खोल्या लवकर संपतात.

आणि मंडळातल्या गप्पांबद्दल

गणपतीच्या दिवसांत मंडळात प्रसादाच्या रांगेत उभं असताना ‘कुठे मिळालं?’ हा प्रश्न येतोच. माझ्या मुलीला तो प्रश्न त्या वर्षी इतका बोचला की तिने आरतीला यायचंच बंद केलं. चूक माझीही होती, कारण तिच्या वतीने मी आधी गुळमुळीत उत्तर दिलं होतं. पुढच्या वर्षी तिने मला बाजूला घेऊन सांगितलं : ‘आई, तू नीट नाव घे कॉलेजचं.’ तेव्हापासून मी घेते. ज्या घरात मूल पहिल्यांदा कम्युनिटी कॉलेजला निघालं आहे, त्या घराला माझी विनंती आहे की आजी-आजोबांना आणि काका-मावश्यांना ही व्यवस्था, ती दोन वर्षं आणि तो पुढचा जिना, ऑगस्टच्या आधी फोनवर नीट समजावून सांगा. ते काम मुलावर टाकू नका. त्या ऑगस्टमध्ये त्याला कॅल्क्युलसचा वर्ग, बसचा मार्ग आणि पार्किंगची चिठ्ठी एवढं शोधायचं असतं.